गाठीला रक्त पोचवतं कोण?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिच्यातल्या सगळ्याच पेशी कर्करोगाच्या नसतात. मधूनमधून तंतुमय पेशी दिसतात, रक्तवाहिन्या दिसतात आणि पांढऱ्या पेशी तर ठायी ठायी. मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी काही गाठींत इतक्या असतात की गाठीचा जवळपास निम्मा ऐवज त्यांचाच भरतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखो यांनी १८६३ सालीच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असल्याचं नोंदवून ठेवलं होतं. त्या तिथे आहेत हे जुनंच. तिथे त्या करतात काय, याचं उत्तर मात्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे आपण शाळेत शिकतो. मग गाठीत सैनिक दिसले की लढाई चालू असणार, असंच कुणालाही वाटेल. काही पेशी लढतातही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीत टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असेल, तर रुग्णाचं पुढचं चित्र सहसा बरं असतं. मॅक्रोफेजच्या बाबतीत मात्र उलटं निघालं. स्तनाच्या कर्करोगात जिथे त्यांची दाटी जास्त, तिथे नव्या रक्तवाहिन्याही जास्त आणि आजारही जास्त आक्रमक. ज्यांनी गाठ संपवायची, त्याच पेशी तिच्या रक्तपुरवठ्याला हातभार लावत होत्या.

याला फितुरी म्हणण्याचा मोह होतो. मला तो शब्द पटत नाही. या पेशी जे करतात ते कोणत्याही जखमेत त्यांनी करायचंच असतं. चूक आहे ती त्यांना मिळणाऱ्या संदेशात.

रक्ताशिवाय गाठ किती वाढते?

पेशीला प्राणवायू लागतो आणि तो केशवाहिनीतून झिरपत येतो. ही झिरप फार लांब पोचत नाही, साधारण १०० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा. त्यापलीकडची पेशी गुदमरते. त्यामुळे स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ एक-दोन मिलिमीटरवर अडते. आतल्या पेशी मरतात, बाहेरच्या वाढतात, आणि एकूण आकार आहे तेवढाच राहतो.

हे आधी लक्षात आलं जूडा फोकमन या तरुण शल्यचिकित्सकाच्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत होते. प्राण्यांच्या थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून त्यांत त्यांनी आणि फ्रेडरिक बेकर यांनी कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण इवल्याशा होऊन थांबल्या. त्याच गाठी उंदरांत रोवल्यावर मात्र भराभर वाढल्या. फरक एवढाच, की उंदराच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या गाठीत शिरू शकत होत्या. पुढे १९७१ साली बॉस्टनमधून फोकमन यांनी ठाम मांडणी केली: गाठ काहीतरी स्रवून रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते, आणि ते थांबवलं तर गाठ उपाशी ठेवता येईल. त्या काळी ही कल्पना फारशी कुणी मनावर घेतली नाही.

ते ‘काहीतरी’ हळूहळू हाती आलं. १९८३ साली बॉस्टनमध्येच हॅरोल्ड ड्वोराक यांच्या गटाला गाठींमधून रक्तवाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन मिळालं. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या जेनेनटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांची वाढ करवणारं प्रथिन वेगळं काढलं. दोन्ही एकच निघाली. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. या लेखात हे नाव वारंवार येईल, कारण पांढऱ्या पेशींचा गाठीतला बराचसा कारभार त्याच्याभोवती फिरतो.

न भरणारी जखम

ड्वोराक यांनी १९८६ साली एक वाक्य लिहिलं, ते या विषयात अजून उद्धृत होतं: गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमा. हे समजायला साधी जखम काय करते ते आधी पाहावं लागेल.

विळीवर बोट कापलं, की रक्त गोठतं आणि काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन पोचतात. या सगळ्यांत घाईच्या पेशी. अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते, आणि त्या फार जगतही नाहीत. जंतू मारायचे, तुटलेलं ऊतक विरघळवायचं आणि मरून जायचं. मागोमाग रक्तातल्या मोनोसाइट पेशी जखमेत उतरतात आणि तिथे त्यांचे मॅक्रोफेज होतात. मॅक्रोफेज आधी मेलेल्या पेशी खातात, मग पवित्रा बदलतात. आता ते व्हीईजीएफ आणि तसलेच वाढीचे संदेश सोडू लागतात. आजूबाजूच्या केशवाहिन्यांना कोंब फुटतात आणि जखमेत लालबुंद, दाणेदार मांस भरून येतं. ते लाल दिसतं ते या नव्या रक्तवाहिन्यांमुळेच. जखम भरली की संदेश थांबतात, जास्तीच्या वाहिन्या गळून पडतात, पेशी निघून जातात.

गाठीत हा शेवटचा टप्पा कधी येतच नाही. वाढत्या गाठीच्या पोटात प्राणवायू अपुरा असतो. प्राणवायू घटला की पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं आणि ते व्हीईजीएफसह अनेक जनुकं चालू करतं. (पेशीला प्राणवायूची चणचण कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं.) शिवाय गाठ सीएसएफ-१सारखी रसायनं सोडते, जी मोनोसाइटना बोलावून घेतात आणि त्यांचे मॅक्रोफेज करवतात. आलेल्या पेशीला दिसतं काय, तर मेलेल्या पेशी, प्राणवायूची टंचाई, पाझरलेलं रक्तद्रव्य. हुबेहूब जखमच. ती दुरुस्तीला लागते.

शहरात पाइप फुटल्याची तक्रार आली की पालिकेची माणसं येतात, खणतात, जोडणी करून जातात. पत्ता अनधिकृत इमारतीचा आहे का, हे बघणं त्यांचं काम नसतं. मॅक्रोफेजचं तसंच आहे. फक्त इथे तक्रार कधी बंदच होत नाही.

मॅक्रोफेज काढून घेतले तर?

दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणजे एक दुसरीचं कारण असते असं नाही. मॅक्रोफेज आणि रक्तवाहिन्या दोन्ही मोठ्या गाठीत असतात, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित रक्तवाहिन्या वाढल्या म्हणून मॅक्रोफेज जास्त आले असतील. या शंकेचं मला सर्वांत समाधानकारक वाटलेलं उत्तर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधून आलं. तिथे एलेन लिन आणि जेफ्री पोलार्ड यांनी उंदरांवर काम केलं.

स्तनाचा कर्करोग हमखास होणारी उंदरांची एक जात आहे. तिचा संकर त्यांनी सीएसएफ-१ नसलेल्या उंदरांशी केला. सीएसएफ-१ नाही, म्हणजे गाठीत मॅक्रोफेज अगदी थोडे. २००१ साली दिसलं ते असं: अशा उंदरांत गाठी सुरू तर नेहमीसारख्याच झाल्या, पण त्या घातक व्हायला उशीर झाला आणि फुफ्फुसात पसरणंही कमी झालं. २००६ साली त्यांनी थेट रक्तवाहिन्या पाहिल्या. साध्या गाठीची घातक गाठ होताना रक्तवाहिन्यांचं दाट जाळं एकाएकी उभं राहतं. मॅक्रोफेज नसलेल्या उंदरांत हे जाळं वेळेवर उभं राहिलं नाही. मॅक्रोफेज परत आणले, तर जाळंही परत आलं. आणि तिसरी पायरी मला सर्वांत आवडते. धडधाकट मॅक्रोफेज असलेल्या उंदरांत, गाठ अजून सौम्य असतानाच, मुद्दाम जास्तीचे मॅक्रोफेज ओढून आणले. रक्तवाहिन्यांचं जाळं वेळेआधीच तयार झालं. काढले तर उशीर, परत आणले तर पूर्ववत, आधी आणले तर आधी. यानंतर ‘कदाचित उलटं असेल’ म्हणायला जागा फारशी उरत नाही.

मॅक्रोफेजना ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशा दोन खणांत टाकायची पद्धत बराच काळ होती. जंतू मारणारे ते पहिले, दुरुस्ती करणारे ते दुसरे. प्रत्यक्षात एकाच गाठीत, प्राणवायू भरपूर असलेल्या कडेला आणि गुदमरलेल्या मध्यभागी, त्यांचं वागणं वेगळं असतं आणि मधल्या छटा पुष्कळ असतात. गाठीच्या गुदमरलेल्या भागात पोचलेले मॅक्रोफेज सर्वांत जोमाने रक्तवाहिन्या घडवतात.

व्हीईजीएफ आधीपासून तिथेच असतं

आता थोडा गुंतागुंतीचा, पण माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग.

सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस हॅनाहन यांच्या गटाकडे असे उंदीर होते, ज्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत गाठी होतात. त्या टप्प्याटप्प्याने होतात, म्हणून रक्तवाहिन्या नेमक्या कधी फुटू लागतात ते पकडता येतं. गंमत अशी, की व्हीईजीएफ त्या पुंजक्यांत आधीपासूनच होतं, अगदी निरोगी पुंजक्यांतसुद्धा. मग रक्तवाहिन्या आधीच का फुटत नव्हत्या?

कारण ते मोकळं नव्हतं. पेशींच्या भोवती प्रथिनांची आणि साखरेच्या साखळ्यांची एक जाळी असते. व्हीईजीएफ तिला चिकटून बसलेलं होतं. रक्तवाहिनीच्या पेशीपर्यंत ते पोचायला ही जाळी कुणीतरी कुरतडायला हवी. २००० साली गॅब्रिएल बर्गर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे काम एमएमपी-९ नावाचं विकर (एन्झाइम) करतं. पुढे, २००६ साली कळलं की सुरुवातीच्या टप्प्यात हे विकर आणणाऱ्यांत न्यूट्रोफिल महत्त्वाच्या असतात. त्या संख्येने अगदी थोड्या होत्या. तरी उंदरांमधून न्यूट्रोफिल तात्पुरत्या हटवल्यावर व्हीईजीएफ आणि रक्तवाहिनीच्या पेशीवरचा त्याला धरणारा ग्राहक (रिसेप्टर) यांची भेट होणं घटलं, आणि रक्तवाहिन्या फुटण्याची सुरुवातच दबली.

थोड्याशा न्यूट्रोफिल एवढा परिणाम कसा करतात? याचं एक कारण रसायनशास्त्रात आहे. इतर पेशी एमएमपी-९ सोडतात, तेव्हा सोबत त्याला आवरणारं प्रथिनही चिकटवून सोडतात. न्यूट्रोफिल ते आवरणारं प्रथिन बनवतच नाहीत. त्यांचं एमएमपी-९ मोकाट असतं. जखमेत हे ठीक, तिथे घाई असते. गाठीत तीच घाई महागात पडते.

बाकीच्या पेशींबद्दल थोडक्यात. मास्ट पेशी, ज्या आपल्याला ॲलर्जीमुळे ठाऊक आहेत, त्यांच्या कणिकांत हिस्टामिन, हेपॅरिन आणि प्रथिनं तोडणारी विकरं तयारच भरलेली असतात. त्वचेच्या गाठींच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात. इटलीत मिलानमध्ये मिकेले दे पाल्मा आणि लुइजी नाल्दिनी यांना मोनोसाइटची एक छोटी जात सापडली, जी नव्या रक्तवाहिन्यांना लगटूनच राहते; उंदरांत एवढ्याच पेशी मारल्या तरी गाठीचं रक्तजाळं आटलं. आणि नियामक टी पेशी, ज्यांच्या शोधासाठी २०२५चं नोबेल दिलं गेलं, त्या इतर टी पेशींना आवर घालतात एवढंच नाही. अंडाशयाच्या कर्करोगावरच्या कामात दिसलं, की प्राणवायूची टंचाई त्यांनाही बोलावून घेते आणि त्याही व्हीईजीएफच्या बाजूने हात चालवतात.

‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना यातलं काही सांगायची सोय नसते. प्रतिकारशक्ती ही काही टाकीतली पातळी नाही, वाढवली की झालं. कोणती पेशी, कुठे आणि कोणत्या कामावर, यावर सगळं ठरतं.

वाहिन्या बनतात, पण वाईट बनतात

अखंड घाईत बनलेल्या या रक्तवाहिन्या धड नसतात. वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे अचानक संपणाऱ्या. चांगल्या केशवाहिनीला बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी आधार देतात. इथे त्या विरळ किंवा सुटलेल्या असतात. वाहिन्या पाझरतात, बाहेर द्रव साठतो, गाठीच्या आतला दाब वाढतो, आणि त्या दाबाने रक्तच नीट वाहत नाही. म्हणजे इतक्या वाहिन्या असूनही प्राणवायू कमीच राहतो. प्राणवायू कमी, म्हणून आणखी व्हीईजीएफ, आणखी मॅक्रोफेज, आणखी वाईट वाहिन्या.

याचा फटका त्या पांढऱ्या पेशींना बसतो ज्या खरोखर गाठ मारू शकतात. टी पेशी रक्तातून येते. तिला बाहेर पडायला रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर विशिष्ट प्रथिनांचे हात लागतात, ज्यांना धरून ती थांबते आणि भिंतीतून सरकते. गाठीतल्या वाहिन्यांवर हे हात कमी असतात. त्यात व्हीईजीएफ डेंड्रिटिक पेशींना नीट पिकू देत नाही, हे १९९६ सालापासून माहीत आहे. आणि टी पेशीला शत्रू ओळखायला शिकवणं हेच तर या पेशींचं काम. एकच प्रथिन गाठीला रक्त देतं आणि तिच्याविरुद्धची तयारीही मोडतं.

उपाशी ठेवण्याचं औषध आणि त्याचं पुढे काय झालं

व्हीईजीएफला पकडून ठेवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी), बेव्हॅसिझुमॅब, अमेरिकेत फेब्रुवारी २००४मध्ये पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. केमोथेरपीसोबत दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. (आपल्याकडे हेच औषध मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलासाठी डोळ्यात इंजेक्शन म्हणून टोचतात. तिथेही त्रास नको तिथे फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांचाच.) फोकमन बरोबर होते, पण गाठ पूर्ण उपाशी राहिली नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी २००८ साली दिलेली मंजुरी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ साली काढून घेतली. आयुष्य वाढतंय असं दिसलं नाही.

हे औषध चालू असताना रक्तदाब वाढू शकतो, लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात, आणि जखमा भरायला वेळ लागतो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. असा रुग्ण घरात असेल, तर दात काढण्यासारखी गोष्टसुद्धा कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

औषध का थकतं, याचं एक उत्तर पुन्हा पांढऱ्या पेशींकडेच नेतं. २००७ साली फेरारा यांच्याच गटाने दाखवलं, की उंदरांत ज्या गाठी या औषधाला दाद देत नाहीत, त्यांत अस्थिमज्जेतून आलेल्या अर्धवट वाढलेल्या पेशींची गर्दी असते. व्हीईजीएफ अडवलं तरी त्या दुसरी प्रथिनं सोडून रक्तवाहिन्यांचं काम चालू ठेवतात. एक नळ बंद केला, तर नळ जोडणारे बसून राहत नाहीत.

इथे वेगळी दिशा दाखवली राकेश जैन यांनी. आयआयटी कानपूरला केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले जैन बॉस्टनमध्ये गाठीतल्या प्रवाहाचा आणि दाबाचा अभ्यास करत होते. २००१ साली त्यांनी मांडलं, की औषध बेताने दिलं तर वाहिन्या नष्ट होण्याऐवजी काही काळ सुधारतात: पाझर कमी, दाब कमी, प्रवाह बरा. त्या काळात केमोथेरपी आणि प्राणवायू दोन्ही आत पोचतात. विचित्र वाटतं खरं, गाठीचा रक्तपुरवठा सुधारून गाठ मारायची. पण टी पेशींना आत शिरायचं असेल, तर वाट धड हवी.

पुढे कळलं की हे दोन्ही बाजूंनी चालतं. जोमदार टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात, आणि ते वाईट वाहिन्यांची छाटणी करून उरलेल्या सुधारतं. वाहिन्या सुधारल्या की टी पेशी जास्त येतात. त्यामुळे आज रक्तवाहिन्यांवरचं औषध आणि टी पेशी मोकळ्या करणारी इम्युनोथेरपी जोडीने दिली जाते. यकृताच्या कर्करोगात २०२० साली बेव्हॅसिझुमॅब आणि अटेझोलिझुमॅब या जोडीवर वर्षभराने ६७.२ टक्के रुग्ण हयात होते. आधीच्या सोराफेनिब या औषधावर ५४.६ टक्के. मूत्रपिंडाच्या कर्करोगातही अशा जोड्या रुळल्या आहेत. मॅक्रोफेजनाच सीएसएफ-१च्या वाटेवर अडवण्याचे प्रयत्न मात्र बहुतेक कर्करोगांत फिके पडले. ज्या पेशी शरीरभर दुरुस्ती करत फिरतात, त्यांना हटवणं सोपं नसणारच.

या जोड्यांची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारी नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं काम मला महत्त्वाचं वाटतं. तोंडाच्या आणि घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात तिथे मेट्रोनॉमिक उपचार वापरतात: मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबसारख्या स्वस्त गोळ्या, कमी मात्रेत, न थांबता. मोठ्या डोसांमधल्या सुट्टीत रक्तवाहिन्या सावरतात. सततच्या लहान डोसाने त्यांना ती उसंत मिळत नाही, हा यामागचा मूळ विचार. सेलेकॉक्सिब दाहाची जी वाट अडवतं, ती व्हीईजीएफ वाढवणारी आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत या गोळ्यांवर मध्यक आयुष्य ७.५ महिने आलं, शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनवर ६.१. नंतरच्या चाचणीत तीन गोळ्यांच्या मेट्रोनॉमिक उपचाराला निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा जोडली. दर दोन आठवड्यांची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम असते. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. यात रक्तवाहिन्यांचा वाटा किती आणि टी पेशींचा किती, हे मोजण्यासाठी ती चाचणी नव्हती. तिचा प्रश्न एवढाच होता, की बाराव्या हिश्शाइतक्या मात्रेचाही रुग्णाला उपयोग होतो का.